आजी सवाष्ण गेली का, हे अमेरिकेला विचारताना

माझं काम माणसांचे कागद करायचं. आमची कंपनी बहारीनमधली, बांधकामाची, ऑफिस मनाम्यात, कामगारांचा कॅम्प मआमीरला. माणूस विमानातून उतरला की त्याची मेडिकल, मग व्हिसा, मग रेसिडेंट कार्ड, सुट्टीवर गेला तर गेल्याची नोंद, परत आला तर आल्याची, आणि कायमचा निघाला तर कॅन्सलेशन. वीसेक वर्षं हेच करतोय. त्यामुळे माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं, की माणूस जगात कुठेही जावो, त्याचा कागद असतो, आणि कागद नाही म्हणजे तो माणूसच तिथे नाही. या समजुतीने गेलं वर्षभर माझ्या डोक्याचा भुगा केला.

सुरुवात आईच्या फोनने झाली. आई चौऱ्याऐंशीची आहे, रत्नागिरीकडे आमच्या गावी राहते, शेजारची सून तिच्याकडे येऊन-जाऊन असते. तिला व्हिडिओ कॉलच हवा असतो, पण त्यात मला तिचं निम्मं कपाळ आणि वरचे वासे एवढंच दिसतं. त्या दिवशीही तेवढंच दिसत होतं. नुकताच पितृपक्ष संपला होता.

"गावात नवे भटजी आलेत रे," ती म्हणाली. "पोरगेलेसे आहेत, पण शिकलेले. त्यांनी मला घोळात टाकलंय."

घोळ समजायचा तर आजोबांपासून सांगावं लागेल. आजोबा म्हणजे आईचे वडील; आईचं माहेर गावातच. आई पाळण्यात होती तेव्हा ते बोटीवर गेले. आगवाले होते. बोटीच्या तळात बॉयलरसमोर उभं राहून कोळसा मारायचा, हे आगवाल्याचं काम, आणि तेव्हा आमच्या बाजूचे बरेच लोक त्या कामाला जायचे. दुसरं महायुद्ध चालू होतं. त्यांच्याबरोबर गेलेला खालच्या आळीतला एक जण परत आला आणि त्याने सांगितलं, न्यूयॉर्कला बोट लागली, हा तंबाखू घेऊन येतो म्हणून उतरला, तो बोट सुटेपर्यंत आलाच नाही. पुढे ना निरोप, ना माणूस. आजीने कुंकू पुसलं नाही, आणि तिला पूस म्हणायची कुणाची छातीही झाली नाही. मी दुसरीत असताना ती गेली. हिरवं लुगडं नेसवून आणि कपाळभर मळवट भरून तिला नेली, एवढं मला आठवतं.

आईला भाऊ नाही. म्हणून आजीचं जे काही करायचं ते आईच करत आली. पितृपक्षात नवमी येते, अविधवा नवमी. नवरा हयात असताना जी बाई गेली तिच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. दरवर्षी आई गावातली एक सवाष्ण सांगते, पुरण घालते, ओटी भरते, हिरवा खण देते. त्या वर्षी नव्या भटजींनी सहज चौकशी केली, आणि आजोबांची हकिगत ऐकून म्हणाले, काकू, ते तुमच्या आईंच्या आधी गेले असतील तर ही नवमी त्यांना लागूच होत नाही.

"म्हणजे बघ," आई म्हणाली, "माझी आई सवाष्ण गेली की विधवा, तेच मला ठाऊक नाही. आणि मी इतकी वर्षं लोकांच्या सुनांना जेवू घालतेय."

"आई, आता या वयात कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

"या वयातच करायला हवा. उद्या मी गेले, वर आई भेटली आणि तिने विचारलं, तर काय सांगू? भटजीला माहीत नव्हतं म्हणून?" मग थोडं थांबून म्हणाली, "तू तिकडे साऱ्या जगाचे कागद करतोस. माझ्या बापाचा एक काढ. बाबा कधी गेला तेवढं मला हवं, दुसरं काही नको."

मी हो म्हणून बसलो. मला वाटलं, आठवडाभराचं काम.

ऑफिसात दुपारच्या सुट्टीत डबा संपवून मी कॉम्प्युटरवर बसलो आणि टाइप केलं, अमेरिकेत जुन्या काळी आलेल्या लोकांची नोंद. समोर जे काही आलं ते बघून माझी मतीच गुंग झाली. बोटींच्या याद्या, बंदरांच्या याद्या, नागरिकत्वाचे अर्ज, खानेसुमारी, सैन्यभरतीची कार्डं, थडग्यांचे फोटो. एका साइटवर गाठोडी घेऊन बोटीतून उतरणाऱ्या गोऱ्या बायकांचं मोठं चित्र, आणि खाली लिहिलेलं की तुमच्या पूर्वजांची गोष्ट इथे सुरू होते. माझी गोष्ट सुरू व्हायच्या आत त्यांनी ईमेल मागितला, मग पासवर्ड, मग बँकेचं कार्ड. दुसरी साइट फुकट होती, पण तिथे आजोबांचं नाव टाकलं की भलतीच माणसं यायची. कुणी वेस्ट इंडीजचा, कुणी गयानाचा, आणि एक तर बाई निघाली.

बरं, शोधायचं ते कुठल्या खात्यात? आमच्या इथे सिस्टिम एक आहे. नंबर टाका, माणूस दिसतो. दिसला नाही तर मफी, म्हणजे नाहीच, पुढच्याला बोलवा. तिकडे मात्र बंदराचं दफ्तर वेगळं, राज्याचं वेगळं, शहराचं वेगळं, आणि वर गावोगावच्या लायब्ऱ्या आपापलं सांभाळून ठेवतात ते निराळंच. इतक्या मोठ्या देशाला एक खिडकी ठेवता येत नाही, याचा मला मनापासून राग आला.

महिनाभर मी बोटीच्या उतारूंच्या याद्या चाळल्या. माझी मुलगी सखीरच्या विद्यापीठात शिकते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. एका शुक्रवारी सकाळी ती माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "बाबा, ही वॉज नॉट अ पॅसेंजर."

"मग कोण होता?"

"क्रू," ती म्हणाली आणि पोहे घेऊन निघून गेली.

मी कपाळाला हात लावला. तिकीट काढून गेलेल्यांत मी आगवाला शोधत होतो. पण खलाशांच्या याद्या कुठे असतात ते काही मला सापडेना. त्याऐवजी सापडला एक लेख, आणि त्यात लिहिलं होतं की त्या काळी अमेरिकेच्या कायद्याने हिंदुस्थानातल्या माणसाला तिथे स्थायिक व्हायला बंदीच होती. मी तो लेख नीट वाचला. मग लॅपटॉप मिटला आणि बायकोला सांगितलं, की सुटलो. मुभाच नाही म्हणजे आजोबा तिथे राहूच शकले नसणार, कुठल्यातरी दुसऱ्या बोटीवर चढले असणार, आणि युद्धात बोट बुडाली असणार.

बायको कांदा चिरत होती. ती वर न बघता म्हणाली, "तुमच्या कॅम्पमधून मागे तिघं पळाले, ते कुठल्या कायद्याने राहतायत?"

मी लॅपटॉप पुन्हा उघडला.

शेवटी मुलीनेच मार्ग काढला. न्यूयॉर्कजवळच्या एका शहराच्या सार्वजनिक लायब्ररीत म्हणे प्रश्न लिहून पाठवता येतो, जगातून कुठूनही, आणि तिथले लोक उत्तर देतात. मला खरं वाटेना. फुकट कोण कशाला कुणाच्या आजोबांमागे लागेल? तरी मेल लिहिली. माझ्या धंद्याला शोभेल अशीच लिहिली. नाव, गाव, जिल्हा, आणि खाली मुद्दे घालून विचारलं, की सदर इसम कुठल्या व्हिसावर होता, त्याचा स्पॉन्सर कोण होता, व्हिसा कधी संपला आणि एक्झिट कधी लागली.

उत्तर आलं. लिहिणाऱ्या बाई होत्या. त्यांनी फार अदबीने लिहिलं होतं, की तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, पण मला नीट कळला नाही. खलाशाला तेव्हा कुणी स्पॉन्सर नसायचा. आणि एक्झिट म्हणजे तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? तुमचे आजोबा इमिग्रेट कधी झाले, ते सांगाल का?

आता यांना काय सांगणार? मी लिहिलं, इमिग्रेट झाले नाहीत हो, कामाला गेले होते. पाठवल्यावर बराच वेळ मी ते वाक्य बघत राहिलो. आमच्याकडे सगळे कामालाच जातात. बहारीनला आम्ही इतकी वर्षं आहोत, पोरगी इथे जन्मली, पण आम्हीही कामालाच आलोय. कार्डावर मुदत असते, ती संपली की परत. माणूस जातो म्हणजे येणारच, हे मी इतकं धरून चाललो होतो की महिनाभर मी आजोबांच्या जाण्याची कमी आणि परतीचीच नोंद जास्त शोधत होतो.

बाईंनी पुढच्या पत्रात मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. बोट बंदरात शिरताना कप्तान खलाशांची यादी देतो. निघताना जे परत आले नाहीत त्यांची नावं वेगळी कळवतो. तुम्ही आडनावाने शोधताय का? मी म्हटलं, होय, मग कशाने शोधणार? त्या म्हणाल्या, मी त्या याद्या नेहमी पाहते, त्यात तुमच्याकडच्या माणसांना आडनावं नसतात, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव असतं. आणि खरंच होतं ते. आजोबांच्या पिढीत आडनाव सांगतो कोण? आडनाव आईच्या माहेरी शाळेच्या दाखल्याबरोबर आलं. ते आडनाव घेऊन मी ज्या माणसाला हुडकत होतो, तो त्या नावाचा कधी नव्हताच.

दोन आठवड्यांनी बाईंनी एका पानाचा फोटो पाठवला. बोटीचं नाव, खाली आगवाल्यांची ओळ, त्यात आजोबा आणि आजोबांचे वडील एकाच रकान्यात, पुढे वय, पुढे आमचं गाव जरा वाकडंतिकडं, आणि त्यापुढे एक शब्द. पळाला.

त्या शब्दाने मला धक्का बसला, आणि बसायला नको होता. तो शब्द मी रोज नाही तरी महिन्या-दोन महिन्यांनी लिहितो. कॅम्पमधला माणूस कामावर येईनासा झाला की कंपनीच्या वतीने मीच रिपोर्ट टाकतो, सदर कामगार बेपत्ता आहे, ठावठिकाणा माहीत नाही. रिपोर्ट गेला की आमच्यापुरता तो माणूस खलास. त्याची फाइल कपाटात जाते. त्यानंतरही तो कुठेतरी जेवत असेल, कुणाच्या दारात दाढी करत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. आजोबांच्या कप्तानानेही तो शब्द लिहिला असेल आणि चहा प्यायला गेला असेल.

आईला काही सांगितलं नाही. तिला पळाल्याची बातमी नको होती, मेल्याची हवी होती.

मुलगी म्हणाली, आमच्या लायब्ररीत येऊन बघा. मग एका सुट्टीच्या दिवशी सखीरला गेलो. मोटारींच्या रेसचा ट्रॅक ओलांडला की पुढे ते मोठं आवार. गेटवर माझं रेसिडेंट कार्ड ठेवून घेतलं आणि गळ्यात पाहुण्याचा पास अडकवला, तेव्हा आयुष्यभर दुसऱ्यांची कार्डं हाताळणारा मी, माझं कुठल्या खणात ठेवलं ते दोनदा वळून बघून घेतलं. आत एसी इतका की मुलीची ओढणी मी खांद्यावर घेतली. अमेरिकेच्या इतिहासाची दोन कपाटं होती. इटलीचे लोक, आयर्लंडचे लोक, चिनी लोक, सगळ्यांवर जाडजूड पुस्तकं. पंजाबातून कॅलिफोर्नियात शेतीला गेलेल्यांवर एक प्रकरण. आमच्या लोकांवर काही नाही. मी उगीचच चिडलो, जसं काही कोकणातल्यांना त्यांनी मुद्दाम वगळलंय.

मग मुलीने विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर एक लेख काढून दिला. तो कॉम्प्युटर तिथेच चालतो, घरून उघडत नाही, याचं कारण मला अजून समजलेलं नाही. लेखात बोटीवरून उतरून गेलेल्या हिंदुस्थानी खलाशांबद्दल होतं. ते हॉटेलांच्या मुदपाकखान्यात भांडी घासायचे, कारखान्यात राबायचे, आणि त्यांना राहू देणारी वस्ती म्हणजे काळ्या लोकांची नाहीतर स्पॅनिश बोलणाऱ्यांची. तिथेच त्यांनी लग्नं केली. तिथेच ते म्हातारे झाले.

मुलीने हळूच विचारलं, "बाबा, यू ओके?"

मी म्हटलं, चल, गाडी उन्हात आहे.

घरी येताना मी पार गोंधळून गेलो होतो. आजवर मला वाटत होतं की मला फक्त एक तारीख शोधायचीय. आता कळेना की कुठली तारीख सापडावी म्हणून मी नवस बोलू. आजोबा लवकर गेले असतील, तर बिचारे एकटे मेले, आणि आजी बरीच वर्षं विधवा असून कपाळावर कुंकू लावत होती, आणि आईच्या सगळ्या नवम्या फुकट. आणि उशिरा गेले असतील, तर आजी सवाष्ण गेली, नवम्या खऱ्या, पण मग हा माणूस इतकी वर्षं तिथे धडधाकट जगत होता आणि त्याने एक ओळ पाठवली नाही. आईच्या शास्त्राला जे बरं, ते तिच्या जिवाला वाईट. मी बायकोला विचारलं, तुला काय वाटतं?

"मला वाटतं, सापडला नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "भटजींना म्हणावं, बसा गप्प."

"आणि ती वर गेल्यावर काय सांगणार?"

"ते त्या बघतील ना दोघी मायलेकी. तुम्ही कशाला मध्ये?"

तिचं खरं होतं. पण एव्हाना मला चटक लागली होती. बाईंनी सांगितलं होतं, युद्धाच्या वेळी अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक पुरुषाला सैन्यासाठी नाव नोंदवावं लागलं, नागरिक असो वा नसो, पळालेला असो वा नसो. त्या कार्डांचे फोटो फुकट बघता येतात. मी आजोबांचं नाव आणि त्यांच्या बापाचं नाव टाकून शोधत राहिलो. आणि एके दिवशी, ऑफिसात, डबा उघडायच्या आत, ते कार्ड समोर आलं.

नाव तेच. जन्मगाव आमचंच, जिल्ह्यासकट. नोकरी, एका हॉटेलचा मुदपाकखाना. खाली अंगावरची खूण लिहायची जागा होती आणि तिथे लिहिलं होतं, उजव्या कानाची पाळी फाटलेली. मी खुर्चीत मागे टेकलो. लहानपणी आजी मला सांगायची, तुझ्या आजाने पोरपणी भिकबाळी ओढून घेतली आणि कान फाडून घेतला. ही गोष्ट जगात आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हती, आणि ती न्यूयॉर्कच्या कारकुनाने लिहून ठेवली होती.

त्या कार्डावर आणखी एक प्रश्न होता. तुमचा पत्ता ज्या व्यक्तीला नेहमी ठाऊक असेल, तिचं नाव. आता मी असतो तर बायकोचं नाव लिहिलं असतं, नाहीतर आईचं. आजोबांनी एका बाईचं नाव लिहिलं होतं. स्पॅनिश वाटावं असं. पत्ता त्यांचाच, घर क्रमांकासकट. आजीला तर त्यांचा पत्ता जन्मात कळला नाही. मला त्या माणसाचा असा संताप आला की मी डबा तसाच झाकून ठेवला.

पुढचं मग भराभर आलं. खानेसुमारीची पानं तिकडे बहात्तर वर्षं कुलपात ठेवतात आणि मग सगळ्या जगाला खुली करतात. त्यात हे घर होतं. आजोबा, ती बाई बायको म्हणून, आणि दोन मुलं. त्यानंतर बाईंनी शहरातल्या जुन्या वर्तमानपत्रातून निधनाच्या दोन ओळी शोधून पाठवल्या. नाव, जन्म हिंदुस्थानातला, मृत्यूची तारीख, दफनभूमी. बस्स. मी तारीख बघितली. आजी गेली तेव्हा मी दुसरीत होतो. आजोबा गेले तेव्हा मी दहावीला होतो.

म्हणजे आजी सवाष्ण गेली. वर्षभर जे हवं होतं ते माझ्या हातात होतं, आणि मला धड आनंदही होईना नि धड रडूही येईना.

तारखेवरून तिथी काढायची होती. जुनं पंचांग नेटवर मिळालं, पण तिथे आणखी एक घोळ उभा राहिला. तिथी सूर्योदयाची धरतात. पण कुठल्या सूर्योदयाची? आमच्या गावचा सूर्य उगवतो तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची रात्र असते. आमच्या गावाने बघितलं तर चतुर्थी, न्यूयॉर्कने बघितलं तर पंचमी. मी बाईंना विचारलं, त्या दिवशी तुमच्याकडे सूर्य कधी उगवला होता? त्यांनी लिहिलं, की इतक्या वर्षांच्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तरीही वेळ शोधून पाठवली. का हवी, ते विचारलंसुद्धा नाही. मी तिकडची तिथी धरली. जिथे माणूस मेला तिथला सूर्य, असा मी माझ्यापुरता निकाल दिला.

आता आईला सांगणं. बायकोने मला बजावून ठेवलं, तारीख सांगा, तिथी सांगा, आणि फोन ठेवा. त्या बाईचं नाव काढू नका. मीही ठरवलं होतं तसंच. पुन्हा पितृपक्ष जवळ आला होता. शुक्रवारी सकाळी फोन लावला. नेहमीप्रमाणे निम्मं कपाळ आणि वासे.

"आई, सापडले."

कपाळ फोनच्या आणखी जवळ आलं.

"आजीच्या नंतर गेले. बऱ्याच नंतर. मी दहावीला होतो तेव्हा."

"नक्की?"

"नक्की. कानाची पाळी फाटलेली लिहिलीय."

फोन हलला आणि पहिल्यांदा तिचा अख्खा चेहरा दिसला. तिने पदर तोंडाला लावला होता. "म्हणजे आईचं कुंकू खरं होतं," ती म्हणाली. "लोक मागे काय काय बोलायचे, तुला ठाऊक नाही. मी ऐकलंय. उद्याच्या उद्या जाऊन भटजीला सांगते." मग ती रडायला लागली, आणि रडता रडता हसत होती, आणि मला वाटलं, चला, झालं एकदाचं. तिथी सांगितली. तिने दोनदा म्हणवून घेतली.

आणि मग तिने विचारलं, "एकटाच होता का रे तिकडे?"

बायको माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मी म्हटलं, "हॉटेलात कामाला होते."

"ते नाही विचारलं मी."

काय करणार? चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, जन्मात बाप बघितला नाही, आणि तिच्याशी मी खोटं बोलू? मी सांगितलं. बाई होती. तिकडचीच, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांतली. दोन मुलं होती.

आईचा चेहरा गेला. फोन तिने खाटेवर ठेवला असावा, कारण मला नुसते वासे दिसत होते, आणि कौलांमधून येणारी उन्हाची तिरीप. बाहेर कुठेतरी कोंबडं ओरडत होतं. बायकोने मला कोपराने ढोसलं आणि ओठांनीच म्हणाली, केलंत ना. मी दोनदा हाक मारली.  मला वाटलं, वर्षभर राबून मी स्वतःच्या हाताने आईच्या जिवाला घोर लावला.

मग तिचा आवाज आला, चेहरा नाही.

"मेल्याने एक ओळ धाडली नाही," ती म्हणाली. "आई मरेपर्यंत पोस्टमनच्या वाटेकडे बघायची. राग येतो रे मला. मेलेल्या माणसाचा येतो."

"मलाही आला."

"येणारच." खाट करकरली. "पण युद्धाचे दिवस, परका मुलूख, भाषा येत नाही. त्याला ताट वाढायला कुणीतरी होती म्हणायची."

"होय."

"आणि मला भावंडं आहेत."

"असतील कुठेतरी. शोधलं नाही मी."

फोन उचलल्याचा आवाज झाला आणि तिचं निम्मं कपाळ परत दिसायला लागलं.

"ती त्याच्या आधी गेली की मागनं?" आईने विचारलं.

"कोण?"

"ती रे. तिकडची."

"माहीत नाही, आई. वर्तमानपत्रात तिचं काही नव्हतं. कशाला हवंय?"

"कशाला म्हणजे? त्याच्या आधी गेली असेल तर तीही सवाष्णच गेली ना? तिची पोरं काय करणार आहेत तिकडे नवमी?" ती माझ्यावर वैतागली होती, जसं काही मी अभ्यास अर्धवट करून आलोय. "शोध. नवमीला एक सवाष्ण सांगायची की दोन, ते मला आधी कळायला हवं. पुरण किती घालायचं ते कसं ठरवू मी?"

मी फोन ठेवला. बायकोने उठून माझ्यासमोर लॅपटॉप आणून ठेवला. मी लायब्ररीतल्या बाईंना मेल लिहायला घेतली, आणि पहिल्याच ओळीला अडलो, कारण जिची मृत्यूची तारीख मला हवी होती, ती माझी कोण, हे लिहायला हवं होतं. आजोबांची दुसरी बायको असं लिहिलं आणि खोडलं. तिचं नाव लिहिलं, तेही खोडलं. शेवटी माझी आजी असं लिहिलं आणि पाठवून दिलं.